स्टाफरूममध्ये दे ला साल यांचा फोटो लावणाऱ्या आपल्या शाळांच्या चालकांना खुलं पत्र

आदरणीय फादर, सिस्टर आणि आपल्या शाळांच्या सगळ्या ट्रस्टी मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी एप्रिल आला की आमच्याकडे दोन गोष्टी जवळजवळ एकदमच होतात. ७ तारखेला संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल यांचा सण असतो, सकाळच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेतलं जातं, शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून फोटोला हार घातला जातो. आणि महिना संपता संपता आमच्यातल्या कितीतरी जणांच्या हातात एक पत्र पडतं की तुमची सेवा ३० एप्रिलला संपली, जूनमध्ये गरज असेल तर कळवू. जूनमध्ये बहुतेकांना परत घेतात, पण मधल्या काळाचा पगार नाही आणि सलग सेवा मोडलेली. याला सगळे साधेपणाने 'ब्रेक' म्हणतात.

मी वसईची, वाडीतली. चर्चच्याच मराठी शाळेत शिकले आणि गेली एकवीस वर्षं शिकवतेय. त्यातली पहिली नऊ वर्षं मी एका शाळेत दर एप्रिलला असं पत्र पर्समध्ये घालून घरी आलेय. शाळेचं नाव घेत नाही, कारण माझं म्हणणं त्या एका शाळेपुरतं नाहीच, ही पद्धतच झालीय आणि ती पद्धत चालवणारी माणसं वाईट नाहीत हेही मला माहितीये, तुमच्यातल्या कितीतरी फादर-सिस्टरांनी आमच्या आजारपणात स्वतःच्या खिशातले पैसे दिलेत. म्हणूनच लिहितेय. तुम्ही ऐकाल असं वाटतं.

या संतांबद्दल आपल्याकडे बोललं फार कमी जातं. डॉन बॉस्को सगळ्यांना माहीत आहेत, त्यांच्या नावाच्या मोठ्या शाळा मुंबईत आहेत. ला साल मात्र फोटोपुरते राहिलेत. मीही बरीच वर्षं त्यांना 'गरीब मुलांसाठी शाळा काढणारे फादर' एवढंच समजत होते. मग दोन वर्षांपूर्वी आमच्या पॅरिशमधल्या एका वयस्कर सिस्टरने त्यांचं चरित्र वाचायला दिलं आणि मी ते पुस्तक तीन रात्री झोपले नाही असं वाचलं, कारण त्यात मुलं आहेतच पण त्याहून जास्त मास्तर आहेत, मास्तरांचं जेवण, मास्तरांचं घर, मास्तरांची उद्याची काळजी.

जन्म १६५१ चा, फ्रान्समधल्या रँस शहरात. जिथल्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक व्हायचा तेच हे रँस. वडील कोर्टात मोठ्या हुद्द्यावर, घर श्रीमंत, ला साल सगळ्या भावंडांत थोरले. पंधरा वर्षांचे असतानाच त्याच कॅथेड्रलचे कॅनन झाले, कॅनन म्हणजे मानाची जागा आणि जन्मभराचं ठरलेलं उत्पन्न. पॅरिसला सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवतात त्या शाळेत, शिकत होते तर एका वर्षाच्या आत आई गेली, वडील गेले, १६७२ साली एकविसाव्या वर्षी धाकट्या भावंडांची जबाबदारी अंगावर आली म्हणून सेमिनरी सोडून घरी परतले. १६७८ मध्ये धर्मगुरू झाले. इथपर्यंत बघितलं तर एका सज्जन, खानदानी धर्मगुरूचं आयुष्य, शाळा-बिळा काही डोक्यात नव्हतं.

१६७९ मध्ये रुआँ शहरातून आद्रियाँ न्येल नावाचे गृहस्थ रँसला आले, गरीब मुलांसाठी फुकट शाळा काढायची म्हणून. ला साल यांनी ओळखीपाळखीने मदत केली, पहिली शाळा सुरू झाली, मग दुसरी. न्येल यांचा उत्साह असा की एक शाळा नीट उभी राहायच्या आत दुसरीकडे धावायचे आणि मागे राहिलेल्या मास्तरांकडे बघायला कोणी नाही. हे मास्तर कोण होते? थोडंफार लिहितावाचता येणारी, दुसरं काम न मिळालेली तरुण मुलं, काहींना धड वागायची रीत नाही, शिकवायचं ट्रेनिंग तर नाहीच. आणि ला साल यांनी स्वतःच्या हाताने नंतर लिहून ठेवलंय की सुरुवातीला मी या मास्तरांना माझ्या घरच्या नोकराहूनही खालचे समजत होतो, आणि यांच्यासोबत राहावं लागणार हे आधी कळलं असतं तर मी या कामात पडलोच नसतो.

फादर, हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं थोडा वेळ. इतकं खरं कोण लिहितं स्वतःबद्दल.

पण मग त्यांनी काय केलं बघा. आधी मास्तरांसाठी घराजवळ एक घर भाड्याने घेतलं. मग त्यांना जेवायला आपल्या घरी बोलवायला लागले. मग २४ जून १६८१ ला त्यांना राहायलाच घरी आणलं. नातेवाईक भडकले, इतके की धाकट्या भावांपैकी काहींना त्या घरातून काढून दुसरीकडे नेलं, या असल्या माणसांच्या संगतीत पोरं बिघडतील म्हणून. पुढच्याच वर्षी ला साल वडिलोपार्जित घर सोडून मास्तरांबरोबर एका साध्या वस्तीतल्या घरात राहायला गेले. तिथलं जेवण त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं असं चरित्रात आहे, लहानपणापासून चांगलंचुंगलं खाल्लेला माणूस, तर त्यांनी उपवास करून करून स्वतःला ते खायची सवय लावली.

आणि आता जो प्रसंग आहे तो माझ्या मते अख्ख्या चरित्राचं मर्म आहे, आणि याच्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले. मास्तर काळजीत होते. आज शाळा आहे, उद्या बंद पडली तर? म्हातारपणी काय? ला साल यांनी त्यांना उपदेश केला की देवावर भरवसा ठेवा, आकाशातल्या पाखरांना, रानातल्या फुलांना जो सांभाळतो तो तुम्हालाही सांभाळेल. त्यावर मास्तरांनी तोंडावर सांगितलं की तुम्हाला बोलायला सोपं आहे, तुमच्याकडे कॅननची जागा आहे, बापाची इस्टेट आहे, शाळा बुडाल्या तरी तुम्ही उभेच राहाल, आम्ही रस्त्यावर येऊ.

आता असं कोणी आमच्या मीटिंगमध्ये बोललं असतं तर काय झालं असतं ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही. ला साल चिडले नाहीत. त्यांना ते पटलं. त्यांना आधी वाटलं की आपला पैसा शाळांच्या नावे ठेवावा म्हणजे मास्तरांना आधार होईल, पण पॅरिसच्या निकोला बारे नावाच्या संन्यासी फादरांनी वेगळा सल्ला दिला, की पैशाच्या पायावर शाळा उभ्या करशील तर त्या ढासळतील. हा सल्ला मला आजही शंभर टक्के पटत नाही, पण ला साल यांनी तो ज्या अर्थाने घेतला तो असा की मास्तरांकडे जे नाही ते माझ्याकडेही असता कामा नये. १६८३ मध्ये त्यांनी कॅननची जागा सोडली आणि ती भावाला न देता एका गरीब धर्मगुरूला दिली, नातेवाईकांनी किती बोल लावले असतील. मग १६८४ च्या हिवाळ्यात त्या भागात दुष्काळ पडला, लोक भाकरीसाठी वणवण करत होते, तेव्हा त्यांनी आपल्या वाट्याची इस्टेट विकून भुकेल्यांना भाकरी वाटली. दुष्काळ संपेपर्यंत त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी मास्तरांना भरवशाच्या गोष्टी सांगितल्या तर त्या ऐकण्यासारख्या होत्या.

मी तुम्हाला इस्टेट वाटून टाका म्हणत नाहीये. तुमच्यातल्या बहुतेकांकडे इस्टेट नाहीच, फादर-सिस्टर तर व्रत घेतलेली माणसं. मी एवढंच म्हणते की आम्हाला जेव्हा सांगितलं जातं की शिकवणं ही नोकरी नाही, पाचारण म्हणजे देवाचं बोलावणं आहे, सेवा आहे, तेव्हा हे सांगणाऱ्याच्या जेवणाची सोय पक्की असते आणि ऐकणारीचा मे महिन्याचा गॅस सिलेंडर उधारीवर आलेला असतो. पाचारण आहे हे मी मनापासून मानते, नाहीतर एकवीस वर्षं टिकले नसते. पण पाचारणाला एप्रिलमध्ये ब्रेक कसा काय देता येतो हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आपल्या राज्यात आहे, तो मी इथे उगाळत बसत नाही, कोर्टकचेरीची भाषा मला आपल्या माणसांशी बोलायची नाहीये.

ला साल यांनी मास्तरांना पोटाशी धरलं एवढ्यावर थांबले असते तर ते फक्त दयाळू माणूस म्हणून लक्षात राहिले असते. त्यांनी मास्तरकीला किंमत दिली. तोपर्यंत गरिबांच्या शाळेत पद्धत अशी होती की मास्तर एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवायचा आणि बाकीची पोरं तोवर दंगा करायची. ला साल यांच्या शाळांत मुलं पातळीप्रमाणे बसवली, सगळ्यांच्या हातात तेच पुस्तक, एक वाचतोय आणि बाकीचे त्याच ओळीवर बोट ठेवून, म्हणजे आज आपण ज्याला वर्ग म्हणतो तो. हे त्यांनी एकट्याने शोधून काढलं असं नाही, पण इतक्या शाळांत इतक्या शिस्तीने चालवून दाखवलं ते त्यांनी. १६८० च्या दशकातच रँसला खेड्यांसाठी शिक्षक तयार करायची शाळा काढली, म्हणजे आपलं डी.एड. म्हणा ना, तेही आजपासून सव्वातीनशे वर्षांहून आधी. आणि शिकवायचं कसं याचं एक पुस्तकच त्यांनी आणि त्यांच्या जुन्या अनुभवी मास्तरांनी मिळून तयार केलं, ते छापलं गेलं त्यांच्या मृत्यूनंतर १७२० मध्ये. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मुलं शाळेतच नाश्ता करायची आणि एक टोपली फिरायची, ज्याच्याकडे जास्त भाकरी आहे त्याने त्यात टाकायची आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला त्यातून मिळायची. आणि मुलं शाळेत का येत नाहीत यावर तर अख्खं प्रकरण आहे, घरी काम असतं, आईबापाला किंमत वाटत नाही, मास्तर कंटाळवाणा असतो, सगळं नीट मांडलंय, म्हणजे गैरहजेरीत मास्तरचाही दोष असू शकतो हे मास्तरांच्याच पुस्तकात लिहिलंय.

आता मराठीचा विषय. तो मला टाळता येणार नाही.

त्या काळी फ्रान्समध्ये वाचायला शिकवायचे ते आधी लॅटिनमध्ये. प्रतिष्ठेची भाषा, चर्चची भाषा. ला साल म्हणाले आधी फ्रेंच. कारण साधं होतं, गरिबाचं पोर शाळेत दोन-तीन वर्षंच टिकतं, कामाला हात लागायला लागले की आईबाप काढून नेतात, मग ती दोन-तीन वर्षं न समजणारी अक्षरं घोकण्यात गेली तर पोर बाहेर पडताना धड लॅटिन येत नाही आणि धड फ्रेंचही वाचता येत नाही. मातृभाषेत वाचायला लवकर येतं आणि एकदा ते आलं की लॅटिनही सोपं जातं. शार्त्रच्या बिशपांना हे मान्य नव्हतं, त्यांना लॅटिनच आधी हवं होतं, तर ला साल यांनी त्यांच्यापुढे मुद्देसूद लिहून आपली बाजू मांडली. बिशपांशी वाद घालणं त्या काळात काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मला माहितीये तुम्ही म्हणाल इंग्लिश म्हणजे लॅटिन नव्हे. बरोबर आहे, इंग्लिशने नोकरी मिळते, पालक मागतात, मराठी माध्यमाला ॲडमिशन होत नाहीत, वर्गात अकरा पोरं असली तर शाळा चालवायची कशी. हे सगळं खरंय, मी पालकांच्या दारोदार फिरलेली बाई आहे, मला कोणी सांगायला नको. पण ज्या मुलांच्या घरी इंग्लिशचा एक शब्द नाही, आई सकाळी भाजी घेऊन बाजारात जाते, बाप वाडीत किंवा बोटीवर, ती मुलं चौथीपर्यंत फळ्यावरचं नुसतं उतरवून घेतात, अक्षर मोत्यासारखं आणि अर्थ शून्य. त्यांना विचारा ना की 'बिकॉज' म्हणजे काय. मी विचारलंय. आपण तर त्या परंपरेतले लोक आहोत जिच्यात फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये गोव्यात मराठीतून क्रिस्तपुराण छापलं, ला साल यांच्या जन्माच्या पस्तीस वर्षं आधी. आपली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत, गायनं मराठीत, घरात कादोडी नाहीतर वाडवळी बोली, आणि चर्चच्या आवारातला मराठीचा शेवटचा वर्ग बंद करताना आपण एक साधी प्रार्थनासभासुद्धा घेत नाही. चांगलं इंग्लिश शिकवा, मी स्वतः शिकवते, पण पहिल्या तीन-चार वर्षांत वाचन तरी पोरांना कळेल अशा भाषेत येऊ द्या. सेमी इंग्लिश म्हणा, दोन्ही भाषांचे तास म्हणा, मार्ग काढता येतो.

पॅरिसमध्ये त्यांच्यावर जे आलं तेही थोडक्यात सांगते. १६८८ मध्ये ते तिथे शाळा चालवायला गेले आणि फी घेऊन लिहायला शिकवणाऱ्या मास्तरांचा संघ त्यांच्यावर तुटून पडला, केस केल्या, शाळेतलं सामान जप्त करवलं, दंड लावायला लावले. त्यांचं म्हणणं होतं की तुमच्या फुकट शाळेत फक्त गरिबांच्या यादीत नाव असलेलीच मुलं घ्या, बाकीची आमची गिऱ्हाइकं आहेत. ला साल गरिबीचा दाखला मागायला तयार झाले नाहीत. शाळा सगळ्यांसाठी फुकट, कोण किती गरीब हे मास्तराने दारात उभं राहून तपासायचं नाही. आपल्याकडे २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातल्या, गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांच्या अटीतून सूट मिळाली. कायद्याने आपण मोकळे झालो. पण म्हणूनच आपल्याला जास्त वाटायला हवं ना, की कायदा विचारत नाही तर आपणच आपल्याला विचारावं, किती जागा आपण स्वतःहून ठेवल्या? काही शाळा ठेवतात, गाजावाजा न करता फी माफ करतात, त्या मला माहीत आहेत आणि त्यांना माझा मनापासून नमस्कार. पण फी माफीसाठी आईला ऑफिसबाहेर दोन तास बसवून, मग पाच जणांसमोर नवरा काय करतो, किती पितो, असं विचारलेलं मी ऐकलंय. ती बाई परत आली नाही. पोरगंही आलं नाही.

या सगळ्या काळात एकदा काम अगदी बुडायला आलं होतं. काही मास्तर सोडून गेले, काही वारले, आणि ज्या एका ब्रदरला (ला साल यांच्याबरोबर एकत्र राहणाऱ्या या मास्तरांना ब्रदर म्हणायला लागले होते) पुढे जबाबदारी द्यायची म्हणून धर्मगुरूपदासाठी तयार करत होते तोही अचानक गेला. तेव्हा २१ नोव्हेंबर १६९१ ला ला साल आणि दोन ब्रदर, निकोला व्हुयार आणि गाब्रिएल द्रोलँ, यांनी गुपचूप शपथ घेतली की आम्ही तिघंच उरलो आणि भीक मागून नुसत्या भाकरीवर राहावं लागलं तरी या शाळा सोडणार नाही. त्यातले द्रोलँ पुढे रोमला गेले आणि पंचवीस वर्षांहून जास्त काळ तिथे एकटे राहिले. आणि ब्रदरांनी धर्मगुरू व्हायचंच नाही हेही ला साल यांनी ठरवलं, म्हणजे शिकवणं ही दुसऱ्या कुठल्या मोठ्या पदाची पायरी राहिली नाही, तेच पूर्ण काम. मला हे फार मोठं वाटतं. शिकवणं म्हणजे दुसरं काही जमलं नाही म्हणून केलेलं काम असं जे आजही लोक मानतात त्याला त्यांनी तेव्हाच उत्तर देऊन ठेवलं.

शेवट त्यांचा रुआँजवळ सँ-योंला झाला, ७ एप्रिल १७१९, गुड फ्रायडेच्या दिवशी. जायच्या थोडे दिवस आधी आर्चबिशपांनी त्यांचे धर्मगुरू म्हणून असलेले अधिकारही काढून घेतले होते, कुठल्याशा तक्रारीवरून. म्हणजे मान वगैरे काही मिळालं नाही. तेव्हा शंभरच्या आसपास ब्रदर होते. १९०० मध्ये त्यांना संतपद मिळालं आणि १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यांना सगळ्या शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केलं. आज जगभरात ऐंशीच्या आसपास देशांत त्यांच्या परंपरेतल्या शाळा-कॉलेजांत दहा लाखांवर मुलं शिकतात.

तर माझं मागणं. या वर्षीपासून एप्रिलची ती पत्रं देऊ नका. एकदम सगळ्यांना कायम करणं जमत नसेल तर निदान बारा महिन्यांचा पगार आणि सलग सेवा एवढं धरा, पैसे कुठून आणायचे यावर आम्हालाही बसवा, वार्षिक गॅदरिंगचा खर्च, गेटचं नवीन काम, ऑडिटोरियमचा एसी, यातलं काय थांबू शकतं हे आम्हीही सांगू शकतो आणि पालकही सांगतील. हिशोब आमच्यापुढे ठेवा, आम्ही समजून घेऊ, आत्तापर्यंतही समजूनच घेतलंय. फी माफी मागायला आलेल्या आईला बंद खोलीत, खुर्चीवर बसवून, एकट्या माणसाने भेटा. आणि मराठी वर्गाचा निर्णय घ्यायच्या आधी त्या वर्गाच्या बाईंना विचारा, मीटिंगच्या मिनिट्समध्ये त्यांचं म्हणणं लिहा.

आणखी एक छोटी गोष्ट. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात एक दिवस मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये या. ट्रस्टींनीही यावं. भाषण नको, पाहुण्यांसाठी वेगळ्या प्लेटा नकोत, डबाही आणू नका. आमच्यात सुकटाची चटणी असते, कोणाकडे चपाती-भाजी, कोणाकडे तांदळाची भाकरी, टेबल लहान आहे पण सरकून बसलं की होतं. जेवता जेवता बोलू.

तुमचीच,
वसईतली एक शिक्षिका